जुने घर घेतले, पण वास जात नाही: रंगकामाआधी नेमके काय करावे?

प्रश्न (नवा उंबरठा)

नमस्कार. आम्ही नुकतेच सुमारे ४० वर्षांपूर्वी बांधलेले घर विकत घेतले आहे. बांधकाम भक्कम आहे, खोल्या प्रशस्त आहेत आणि उजेडही भरपूर येतो. मात्र घर बराच काळ बंद होते आणि त्याआधी तिथे राहणाऱ्या कुटुंबात धूम्रपान होत असे व मांजरीही पाळलेल्या होत्या, एवढे आम्हांला व्यवहाराच्या वेळी समजले होते. ताबा मिळाल्यानंतर आम्ही संपूर्ण घर झाडून, पुसून, फरश्या साबणाने घासून घेतल्या, पडदे आणि जुने गालिचे काढून टाकले, कोपऱ्याकोपऱ्यांत खाण्याच्या सोड्याच्या वाट्या ठेवल्या आणि दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या. खिडक्या उघड्या असेपर्यंत सारे ठीक वाटते, पण रात्रभर घर बंद राहिले की सकाळी दार उघडताक्षणी तोच वास समोर येतो.

हा वास एकसारखा नाही, ही आमची खरी अडचण आहे. दिवाणखान्यात शिळ्या तंबाखूसारखा उग्र दर्प आहे. मागच्या खोलीत दमट हवेच्या दिवशी मूत्राचा वास जाणवतो, कोरड्या दिवशी तो जवळजवळ नाहीसा होतो. तळमजल्याच्या एका खोलीत कुबट, ओल्या मातीसारखा वास आहे आणि दोन्ही न्हाणीघरांत अधूनमधून गटाराचा वास येतो.

रंगारी काम सुरू करायला तयार आहे आणि नव्या रंगाने सगळे वास दबतील असे त्याचे म्हणणे आहे. एका परिचितांनी ओझोन सोडणारे यंत्र भाड्याने आणून घर दोन दिवस बंद ठेवण्याचा सल्ला दिला आहे. मागच्या खोलीतली लाकडी फरशी उखडावी लागेल असेही कोणी सुचवले. यांपैकी कोणते काम आधी करावे, कोणते अजिबात करू नये आणि फरशी उखडण्याची वेळ खरोखरच आली आहे की नाही हे कसे ठरवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (पागोळी)

रंगाऱ्याला थांबवा, हे पहिले सांगतो. आपण चार वास वेगवेगळे ओळखले आहेत ही जमेची बाजू आहे, कारण बहुतेक जण ‘जुन्या घराचा वास’ म्हणून सगळे एकत्र करतात आणि मग एकाच उपायाने ते सर्व जावेत अशी अपेक्षा धरतात. आपल्या घरात चार उगम आहेत असे समजून चार स्वतंत्र कामे करावी लागतील.

त्याआधी दोन शक्यता बाजूला काढा. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन वर्गातील गंधकयुक्त पदार्थ मिसळलेला असतो आणि त्याचा वास सडलेल्या कोबीसारखा येतो. तसा वास कधीही आला तर विजेचे एकही बटण चालू किंवा बंद न करता बाहेर पडावे आणि गॅस पुरवठादाराला कळवावे. दुसरी शक्यता विजेची आहे. जुन्या स्विचबोर्डांतील आणि सॉकेटांतील प्लॅस्टिक सैल जोडणीमुळे तापले की मासळीसारखा किंवा मूत्रासारखा वास सोडते. त्यामुळे मागच्या खोलीतला वास मांजरीचाच आहे असे गृहीत धरण्याआधी तिथला एखादा बोर्ड गरम लागतो का, त्यावर तपकिरी डाग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. दमट हवेशी वासाचा संबंध असल्याने मांजरीचीच शक्यता अधिक आहे, पण ही तपासणी टाळण्यासारखी नाही.

आता शोधाविषयी. आपले नाक काही मिनिटांतच एखाद्या वासाला सरावते, म्हणून घरात फिरत राहून उगम शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. प्रत्येक खोलीची दारे-खिडक्या रात्रभर बंद ठेवा, सकाळी आधी बाहेरच्या हवेत थोडा वेळ काढा आणि मग एकाच खोलीत जा. पहिल्या दोन-तीन श्वासांत जे जाणवेल तेवढेच खरे धरा आणि लगेच लिहून ठेवा. त्यानंतर पुन्हा बाहेर या. ज्याने हे घर आधी पाहिलेले नाही अशा व्यक्तीला सोबत घेतल्यास उत्तमच. वास कमरेच्या उंचीवर जास्त आहे की जमिनीलगत, कपाटाच्या आत आहे की मागे, हेही नोंदवा.

फळी, प्लायवूड, गिलाव्याचा पोपडा किंवा फरशीखालचा थर यांपैकी नेमके काय वास सोडते आहे हे कळत नसेल, तर प्रत्येकाचा लहानसा तुकडा स्वच्छ काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी एक दिवस उबदार जागी ठेवा. झाकण उघडताच उत्तर मिळते. फरशी उखडायची की नाही हा आपला प्रश्नही याच मार्गाने सुटेल, कारण वरचा थर दोषी आहे की खालचा हे त्यातून कळते.

न्हाणीघरांचा वास बहुधा सर्वांत सोपा निघेल. जमिनीतल्या जाळीखाली आणि बेसिनखाली जो ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग असतो, त्यात सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहणे अपेक्षित असते आणि गटारातले वायू तेवढेच पाणी अडवून धरते. घर बंद राहिले की हे पाणी बाष्प होऊन उडून जाते आणि गटार व खोली यांच्यात काहीच उरत नाही. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि संडासाच्या भांड्यात भरपूर पाणी ओता. जी जाळी पुढेही क्वचितच वापरात येणार असेल तिथे पाण्यावर थोडे खनिज तेल सोडल्यास बाष्पीभवन मंदावते. खाद्यतेल वापरू नका, ते स्वतःच खवट होते. नंतर बेसिनच्या वरच्या कडेजवळ जे जादा पाणी वाहून जाण्याचे छिद्र असते ते ब्रशने आतून घासा. त्यातल्या बुळबुळीत थराकडे कोणाचेही लक्ष जात नाही आणि पुष्कळदा वास तिथूनच येत असतो.

एक इशारा देऊन ठेवतो. गटाराच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास थांबल्यासारखा वाटतो. त्यामुळे मैलाटाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये डोके घालून तपासणी करू नये. ते काम साधनसामग्री असलेल्या माणसांचे आहे.

प्रतिसाद २ (रंगरेषा)

रंगकामाचा अनुभव असल्यामुळे भिंतींपुरते लिहिते. तंबाखूच्या धुरातले निकोटिन आणि डांबरासारखे चिकट घटक भिंती, छत, दारे, दिव्यांच्या पट्ट्या, पंख्यांची पाती अशा सर्व पृष्ठभागांवर बसतात आणि धूम्रपान थांबल्यानंतरही महिनोन्महिने हळूहळू हवेत परत येत राहतात. घर तापले की हे उत्सर्जन वाढते. त्यामुळे केवळ हवा खेळती ठेवून हा वास लवकर जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तो थर प्रत्यक्ष धुऊन काढावा लागतो.

या थरावर थेट पाण्यात मिसळणारा रंग लावला तर रंगातले पाणी त्या तपकिरी थराला विरघळवते, काही दिवसांतच नव्या रंगातून पिवळट डाग वर येतात आणि त्यांच्यासोबत वासही. आपला रंगारी वाईट हेतूने बोलत नसावा, पण तो जे सुचवतो आहे त्यात त्याला पुन्हा काम मिळणार आणि आपला खर्च दुप्पट होणार, एवढे निश्चित.

धुण्यासाठी ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा तत्सम तीव्र क्षारीय धुलाईद्रव्य वेष्टनावरील प्रमाणात गरम पाण्यात मिसळावे, हातमोजे व चष्मा घालावा आणि भिंत खालून वर धूत जावी. वरून सुरुवात केल्यास कोरड्या, मळकट भागावर ओघळ उतरतात आणि त्यांचे पट्टे नंतर निघत नाहीत. फडके पिवळे-तपकिरी होणे थांबेपर्यंत पाणी बदलत राहावे आणि शेवटी साध्या पाण्याने पुन्हा पुसावे, कारण भिंतीवर उरलेले क्षार पुढच्या रंगाची पकड बिघडवतात. छत विसरू नका. धूर वर जातो, म्हणून छतावरचा थर भिंतींपेक्षा जाड असतो आणि तेच काम कंटाळवाणे असल्याने बहुधा टाळले जाते. भिंतींवर जुना चुना किंवा पाण्याने निघणारा डिस्टेंपर असेल तर मात्र धुण्याऐवजी तो थर ओला करून खरवडून काढणेच योग्य ठरते.

भिंत पूर्ण वाळल्यानंतर लाखेपासून बनवलेल्या शेलॅक प्रायमरचा हात द्यावा. तंबाखू, जळका धूर आणि मूत्र यांचे वास आतल्या आत अडवण्यात शेलॅकचा प्रायमर पाण्यात मिसळणाऱ्या सर्वसाधारण प्रायमरपेक्षा कितीतरी सरस ठरतो. त्यात स्पिरिट असल्यामुळे तो लावताना खोलीत ज्योत, ठिणगी किंवा चालू शेगडी नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात. त्यावर नंतर कोणताही रंग चालतो.

जुन्या घरातल्या रंगाच्या खालच्या थरांत शिसे असू शकते. म्हणून दारे-खिडक्यांचा जुना रंग कोरडा घासू नये किंवा ज्योतीने जाळून काढू नये, विशेषतः घरात लहान मुले किंवा गर्भवती स्त्री असेल तर. ओल्या पद्धतीने घासावे आणि निघालेला चोथा गोळा करून काळजीपूर्वक टाकावा.

अंगच्या कपाटांकडेही लक्ष द्या. त्यांच्या फळ्यांची खालची बाजू आणि मागची पाटी बहुधा कधीच रंगवलेली नसते, त्यामुळे उघडे लाकूड वर्षानुवर्षे धूर आणि डांबराच्या गोळ्यांचा वास शोषत राहते. अशा भागांवर शेलॅकचा एक हात दिल्याने जो फरक पडतो तो खोलीभर सोड्याच्या वाट्या ठेवून कधीच पडणार नाही.

प्रतिसाद ३ (प्रयोगवही)

मांजरीच्या मूत्राविषयी बरेच गैरसमज आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मांजरीच्या, विशेषतः खच्चीकरण न झालेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. ते हळूहळू विघटित होऊन थायॉल वर्गातली संयुगे तयार होतात आणि त्यांचा वास अत्यल्प प्रमाणातही ओळखू येतो. दुसरीकडे जिवाणू मूत्रातल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात. मूत्रातले क्षार मात्र लाकडाच्या फटींत आणि खालच्या थरात तसेच राहतात. हवेत दमटपणा वाढला की हे क्षार ओलावा ओढून घेतात, तिथली रासायनिक प्रक्रिया पुन्हा सुरू होते आणि वास परत येतो. कोरड्या दिवशी तो नाहीसा झाल्यासारखा वाटण्याचे कारण हेच आहे. यूरिक आम्लाचे न विरघळणारे खडे हेच सगळ्याचे मूळ, असे विधान जागोजागी आढळते. वास्तविक माणूस आणि काही वानरवर्गीय प्राणी सोडले तर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात यूरिक आम्लाचे अ‍ॅलँटॉइन नावाच्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते आणि मांजर त्याला अपवाद नाही, म्हणून ते विधान पटण्यासारखे नाही.

डाग शोधण्यासाठी ३६५ ते ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील विजेरी आणा आणि खोली पूर्ण अंधारी करून फरशी, फरशीलगतची लाकडी पट्टी आणि भिंतीचा खालचा अर्धा मीटर तपासा. बोके उभ्या पृष्ठभागावर फवारा मारतात, त्यामुळे केवळ फरशी तपासून भागत नाही. साबणाचे अंश आणि काही गोंदही याच प्रकाशात चमकतात, म्हणून चमकणाऱ्या प्रत्येक डागाला खडूने खूण करावी आणि नंतर नाक जवळ नेऊन खात्री करावी.

उपचार दोन प्रकारचे आहेत. एन्झाइमयुक्त धुलाईद्रव्ये सेंद्रिय अवशेष मोडतात, पण त्यांना वेळ लागतो आणि मूत्र जेवढे खोल मुरले आहे तेवढेच खोल हे द्रव्य पोचावे लागते. वरवर फवारून लगेच पुसल्यास काहीही होत नाही. डाग चिंब करून, वर प्लॅस्टिक अंथरून तो काही तास ओला ठेवावा. आधी जंतुनाशक ओतलेले असेल तर ते भरपूर पाण्याने काढून मगच एन्झाइम वापरावे, अन्यथा जंतुनाशकच एन्झाइम निकामी करते. दुसरा मार्ग हायड्रोजन पेरॉक्साइडचा आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे द्रावण थायॉलचे ऑक्सिडीकरण करते, म्हणजे वास दडपत नाही तर वासाचे रेणूच बदलते. लाकडाचा रंग त्याने फिका पडू शकतो, त्यामुळे आधी आडोशाच्या जागी चाचणी घ्यावी.

काय करू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. मूत्राच्या डागावर ब्लीच ओतू नका, कारण ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यावर क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निर्माण होतात. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर अमोनियाला उदासीन करते हे खरे आहे, पण ते संगमरवर व चुनखडीच्या फरशीला खाऊन टाकते आणि पेरॉक्साइडमध्ये मिसळल्यास पेरअ‍ॅसिटिक आम्ल तयार होते, जे डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रासदायक आहे. एका वेळी एकच द्रव्य वापरा आणि मध्ये पाण्याने धुऊन घ्या.

ओझोन यंत्राला माझा विरोध आहे. माणसाला अपाय होणार नाही एवढ्या प्रमाणात ओझोन वासांचे फारसे काही करू शकत नाही आणि वासावर परिणाम होईल एवढे प्रमाण माणसांना, पाळीव प्राण्यांना, झाडांना आणि रबराच्या वस्तूंना घातक असते. शिवाय तो भिंतीतल्या निकोटिनशी, काही सुगंधी द्रव्यांशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइडसारखे नवे पदार्थ निर्माण करतो. आणि उगम जागेवरच असल्याने त्या उपचारानंतर काही दिवसांनी वास परत येणारच.

प्रतिसाद ४ (चौकट)

ओझोनविषयी वरील मत थोडे टोकाचे वाटते. आगीचे नुकसान झालेल्या इमारतींत व्यावसायिक मंडळी ओझोन वापरतात आणि त्याचा उपयोग होतो. अर्थात, ती मंडळी आधी जळके साहित्य काढून टाकतात, पृष्ठभाग धुतात आणि शेवटी, इमारत पूर्ण रिकामी असताना, यंत्र लावतात. प्रश्नकर्त्यांनी ते पहिल्या पायरीवर लावण्याचा विचार सोडून द्यावा, एवढ्यापुरते मी सहमत आहे.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हेपा गाळणी कण अडवते, वायू अडवत नाही. वासासाठी सक्रिय कोळशाची जाड गाळणी असलेले यंत्र हवे. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर असते हे खरे, पण वाटीत ठेवलेल्या कोळशातून हवा आपोआप वाहत नाही, म्हणून बंद कपाटापलीकडे त्या वाटीचा उपयोग मर्यादितच राहतो.

प्रश्नकर्त्याची पुरवणी (नवा उंबरठा)

सर्वांचे मनापासून आभार. रंगकाम थांबवले आहे आणि ओझोनचा विचार सोडून दिला आहे. सुचवलेल्या तपासण्यांतून पुढील गोष्टी कळल्या. इलेक्ट्रिशियनने सर्व बोर्ड उघडून पाहिले, तिथे दोष नाही. खालच्या न्हाणीघरातला वास जाळीत पाणी ओतल्यापासून पूर्ण गेला. वरच्या न्हाणीघरात मात्र पाणी भरूनही वास येतो आणि शेजारच्या संडासात पाणी सोडले की बेसिनमधून गुळगुळ आवाज येतो. मागच्या खोलीत अतिनील प्रकाशात दरवाजाजवळच्या भिंतीचा खालचा भाग आणि त्यालगतच्या फळ्या चमकल्या. बरणीच्या चाचणीत फळीच्या तुकड्याला सौम्य, तर फळीखालच्या प्लायवूडच्या तुकड्याला असह्य वास आला. प्लायवूडखाली काँक्रीट आहे.

तळमजल्याच्या कुबट खोलीत मात्र काहीच उलगडा होत नाही. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे आणि पांढरी पूड दिसते, पण हाताला भिंत ओली लागत नाही. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्यास वास कमी होण्याऐवजी कधीकधी वाढतो, हे आम्हांला विशेष चमत्कारिक वाटते.

प्रतिसाद ५ (पागोळी)

बेसिनमधला गुळगुळ आवाज म्हणजे बाहेरची व्हेंट पाइप तुंबल्याची ठळक खूण आहे. संडासाचे पाणी वेगाने खाली जाताना त्याच्यामागे हवा यावी म्हणून छतापर्यंत उघडी पाइप नेलेली असते. तिच्या तोंडाशी पक्ष्याचे घरटे, पालापाचोळा किंवा मेलेला उंदीर अडकला की हवा बेसिनच्या ट्रॅपमधून ओढली जाते, तिथले पाणीही त्यासोबत खेचले जाते आणि मार्ग मोकळा होतो. आपण पाणी ओतता, पुढच्या वेळी संडास वापरला की ते पुन्हा जाते. छतावरून पाइप साफ करून घ्या आणि तोंडाला जाळी बसवा. तरीही वास राहिला तर संडासाचे भांडे हलवून पाहा. ते डगमगत असेल तर जमिनीशी असलेली त्याची सीलबंदी सुटलेली असते आणि भांडे काढून ती नव्याने करावी लागते.

प्रतिसाद ६ (रंगरेषा)

भिंतीच्या तळाशी दिसणारी पांढरी पूड म्हणजे लोणा. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते, पृष्ठभागावर वाळते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवून जाते. भिंत हाताला ओली लागत नाही, कारण पृष्ठभाग वाळलेला असतो आणि ओल आतमध्ये असते. खात्री करण्यासाठी सुमारे अर्धा मीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीच्या खालच्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि दोनेक दिवस राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ते हवेतल्या बाष्पाचे आहे.

खिडक्या उघडल्याने वास वाढतो हे चमत्कारिक नाही. तळमजल्याची भिंत बाहेरच्या हवेपेक्षा थंड असते. उदाहरणार्थ, ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प पाणी होऊ लागते तो बिंदू, सुमारे २४ अंश असतो. भिंत २२ अंशांवर असेल तर बाहेरून आलेल्या हवेतले बाष्प तिच्यावर द्रवरूप होते आणि बुरशीला पाणी मिळते. अशा दिवशी खिडक्या बंद ठेवून आर्द्रता काढणारे यंत्र चालवावे आणि हवा बाहेरून कोरडी असेल तेव्हाच खेळवावी. एक साधा आर्द्रतामापक खोलीत ठेवा. आकडा ६० टक्क्यांखाली राहायलाच हवा, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान.

दुरुस्तीची सुरुवात घराबाहेरून करा. भिंतीलगतची माती खोलीच्या फरशीपेक्षा उंच झालेली आहे का, छताची पन्हळ तिथेच पाणी ओतते आहे का, बाहेरचा पाण्याचा पाइप गळतो आहे का, हे पाहा. पुष्कळदा माती खाली नेणे आणि पन्हळीचे पाणी दूर सोडणे एवढ्यानेच बराच फरक पडतो. आतून जलरोधक रंग लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे नाकारा. त्याने पाणी थांबत नाही, ते भिंतीत आणखी वर चढते आणि पोपडे पुढच्या पट्ट्यात निघू लागतात. खराब झालेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत काढून टाकावा, भिंत वाळू द्यावी आणि नंतर वाफ बाहेर जाऊ देणारा, चुन्याचा गिलावा करावा. त्या खोलीतले रंगकाम सर्वांत शेवटी ठेवा. जाड भिंत वाळायला कित्येक महिने लागतात आणि यात घाई करण्याचा कोणताही मार्ग नाही.

बुरशीचे डाग एक चौरस मीटरपेक्षा कमी असतील तर मुखपट्टी आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासून काढता येतात. त्याहून मोठा भाग असेल तर व्यावसायिकांना बोलवावे.

प्रतिसाद ७ (प्रयोगवही)

बरणीने मागच्या खोलीचा निकाल दिला आहे. प्लायवूडचे थर आणि त्यांमधला गोंद यांच्यामध्ये मुरलेले मूत्र कोणत्याही द्रव्याने पूर्णपणे निघत नाही, त्यामुळे चमकलेल्या भागातले प्लायवूड बदलावेच लागेल. सगळी फरशी उखडण्याची मात्र गरज नाही. दरवाजापासून सुरुवात करून फळ्या क्रमांक घालून सैल करा आणि प्लायवूडचा तुकडा कापून बरणीत ठेवत पुढे सरका. ज्या तुकड्याला वास येत नाही तिथे थांबा आणि त्यापुढचे आणखी हातभर प्लायवूड काढून टाका. फळ्यांना सौम्य वास असल्याने त्यांची खालची बाजू पेरॉक्साइडने पुसून, पूर्ण वाळवून, खालच्या बाजूला व कडांना शेलॅक लावून त्याच परत बसवता येतील. जुने लाकूड चांगल्या प्रतीचे असते, ते विनाकारण टाकू नये.

काँक्रीट सच्छिद्र असते. त्यावरचे डाग एन्झाइमने दोन-तीनदा चिंब करून, प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन वाळू द्या. त्यानंतरही दमट दिवशी वास आला तर दोन भागांच्या इपॉक्सी सीलरचा थर द्यावा, पण त्याआधी रंगरेषा यांनी सांगितलेली प्लॅस्टिकची चाचणी या काँक्रीटवरही करा. खालून ओल येत असेल तर इपॉक्सी सुटून वर येईल. त्या भिंतीच्या खालच्या भागातला गिलावा विटेपर्यंत काढून पाहा. फवारा गिलाव्यातच अडकलेला असेल तर नवा गिलावा पुरे, विटेला वास असेल तर गिलाव्याआधी विटेवर शेलॅक लावा. फरशीलगतची लाकडी पट्टी मात्र नवीनच घ्या, तिच्या मागच्या उघड्या लाकडात सर्वांत जास्त मुरलेले असते.

प्रतिसाद ८ (नवा उंबरठा)

छतावरच्या पाइपच्या तोंडाशी खरोखरच घरटे होते. ते रिकामे असल्याची खात्री करून काढले आणि वरच्या न्हाणीघराचा वास थांबला. तळमजल्याच्या भिंतीवरच्या प्लॅस्टिकला भिंतीकडच्या बाजूने थेंब आले आहेत आणि बाहेरची माती फरशीपेक्षा वीतभर उंच निघाली, तेव्हा ती उपसण्याचे काम आधी लावत आहोत. दिवाणखाना धुऊन झाल्यावर प्रायमर लावायला भिंत पुरेशी स्वच्छ झाली आहे हे कसे ओळखावे, एवढे कोणी सांगितल्यास रंगाऱ्याला तारीख देता येईल.

प्रतिसाद ९ (रंगरेषा)

शेवटचे पाणी पुसून भिंत वाळल्यावर पांढरे ओले फडके छतावर, खिडकीच्या वरच्या पट्टीवर आणि दाराच्या चौकटीमागे जोर देऊन फिरवा. तिन्ही ठिकाणी फडक्यावर पिवळी छटा उमटली नाही तर खोली एक रात्र बंद ठेवा आणि सकाळी बाहेरून येऊन वास घ्या. तंबाखूचा दर्प अगदी थोडा उरलेला असेल तरी चालेल, तो शेलॅक अडवेल; पण फडके पिवळे होत असेल तर आणखी एकदा धुवा. पंखे, दिव्यांची आवरणे आणि वातानुकूलन यंत्राच्या गाळण्या व आतली जाळी त्याच दिवशी धुऊन घ्या, नाहीतर नव्या रंगाच्या खोलीत जुना वास त्यांच्यातूनच येत राहील आणि दोष प्रायमरला दिला जाईल.